ऐंशी मैलांची पंचवीस वर्षं

अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलमध्ये सर्वात जास्त होम रन, म्हणजे चेंडू थेट भिंतीपलीकडे धाडणारे फटके, मारले बॅरी बॉन्ड्सने, ७६२. हा आकडा इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतो. सर्वात जास्त होम रन खाल्ले कुणी, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. ते खाल्ले जेमी मोयर या पिचरने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याने. ५२२. त्याच्याआधी हा नकोसा मान रॉबिन रॉबर्ट्सकडे होता, ५०५ चा. मोयरने जून २०१० मध्ये तो मागे टाकला, तेव्हा तो सत्तेचाळीस वर्षांचा होता आणि अजून सामने जिंकत होता.

या यादीत खाली खाली जाऊन पाहावं. रॉबर्ट्सनंतर फर्ग्युसन जेंकिन्स, मग फिल निक्रो, मग डॉन सटन. चौघेही कूपर्सटाउनच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे खेळातल्या थोरांच्या दालनात, आहेत. म्हणजे ही वाईट पिचरांची यादी नव्हेच. वाईट पिचरला इतके होम रन खाऊ देतं कोण? वीस-पंचवीस झाले की त्याला सामान बांधायला सांगतात. पाचशे बावीस खायचे तर चार हजारांवर इनिंग (बेसबॉलच्या सामन्यात अशा नऊ असतात) टाकाव्या लागतात, आणि दर पाचव्या दिवशी कुणा मॅनेजरला तुमच्या हातात पुन्हा चेंडू द्यावासा वाटावा लागतो. मोयरला तो १९८६ ते २०१२ या काळात मिळत राहिला. आठ संघ, पंचवीस मोसम, ४,०७४ इनिंग, २६९ विजय, २०९ पराभव. बेसबॉलमध्ये सामन्याचा विजय-पराभव पिचरच्या नावावरही मांडतात.

त्याच्यावर लिहायचं बरेच दिवस मनात होतं. त्याची कहाणी सांगतात ती हार न मानणाऱ्या माणसाची म्हणून. ती तशी आहेच, पण माझं तेवढ्याने समाधान होत नाही. हार न मानणारे पुष्कळ असतात आणि त्यांतल्या बहुतेकांना तिशीत घरी बसावंच लागतं. मोयर एकोणपन्नासाव्या वर्षी मेजर लीगचा सामना जिंकला तो कसबावर. आणि ते कसब असं होतं की वय वाढल्यावर माणसाकडून जे काढून घेतलं जातं, त्यावर ते मुळात उभंच नव्हतं.

मी सिएटलला आलो नव्वदच्या दशकाच्या अखेरीस. दादरला वाढलेल्या माणसाला बेसबॉल कळण्याचं काही कारण नव्हतं. तो कळला रेडिओमुळे. संध्याकाळी लेक वॉशिंग्टनवरच्या तरंगत्या पुलावर गाड्या खोळंबलेल्या असायच्या आणि माझ्या गाडीत डेव्ह नीहाउसचा आवाज चालू असायचा. नीहाउस १९७७ पासून, म्हणजे संघाच्या पहिल्या मोसमापासून, सिएटलच्या मरिनर्सचं समालोचन करत होता आणि २०१० साली वारला तोवर करत राहिला. आमच्या घरात कसोटी सामना म्हणजे ट्रान्झिस्टरच होता, त्यामुळे न दिसणारा खेळ कानांनी पाहायची सवय जुनी. नीहाउसकडून मी हळूहळू बॉल (बॅटरच्या आवाक्याबाहेरचा चेंडू) आणि स्ट्राइक (आवाक्यातला सोडलेला किंवा हुकलेला चेंडू) यांचा हिशेब शिकलो, बंट (बॅट नुसती आडवी धरून चेंडू हळूच ढकलणं) का करतात ते शिकलो, आणि एक गोष्ट लवकरच ध्यानात आली. मोयर टाकत असला की समोरच्या संघाचे बॅटर वारंवार चेंडूच्या आधी पोचत होते. उशिरा पोचून चुकणारे मी क्रिकेटमध्ये ढीगभर ऐकले होते. आधी पोचून चुकणारे इतके कधी ऐकले नव्हते.

जुलै १९९९ मध्ये सेफको फील्ड हे नवं मैदान उघडलं. १५ जुलैला पहिला सामना सॅन डिएगोशी होता आणि त्या मैदानावरचा पहिला चेंडू टाकायचा मान मोयरकडे आला. तो सामना मरिनर्सनी ३-२ असा गमावला. पुढे त्याच मैदानावर वरच्या मजल्यावरच्या स्वस्त बाकांवर बसून मी त्याला प्रत्यक्ष पाहू लागलो. प्रत्येक चेंडूनंतर फलकावर वेग उमटायचा. ८१. ७३. ८२. ७४. बाजूला बसलेले लोक दुसऱ्या संघाच्या पिचरचे ९५, ९६ पाहून माना डोलवायचे. आणि सातव्या इनिंगला धावफलक पाहावा तर मोयर पुढे.

ताशी ८१ मैल म्हणजे सुमारे १३० किलोमीटर. आपल्याकडे एवढ्या वेगाने टाकणाऱ्याला चांगला मध्यमगती गोलंदाज म्हणतील. पण बेसबॉलमध्ये चेंडूला टप्पा नसतो. खेळपट्टी काही करत नाही, शिवणीवर पडून वळत नाही, खाली राहत नाही. माउंडपासून, म्हणजे पिचरच्या उंचवट्यापासून, बॅटरजवळच्या होम प्लेटपर्यंत साठ फूट सहा इंच, म्हणजे क्रिकेटच्या बावीस यार्डांहून थोडं कमीच, आणि येणारा प्रत्येक चेंडू फुलटॉस. समोर हातात गोल बॅट घेतलेला असा माणूस, ज्याचं आयुष्य फुलटॉस मारण्यात गेलेलं आहे. ९५ मैलांचा चेंडू त्याच्यापर्यंत सेकंदाच्या चार दशांशांत पोचतो. मोयरचा अर्धा सेकंद घ्यायचा. मेजर लीगच्या बॅटरला हा जास्तीचा एक दशांश सेकंद म्हणजे मेजवानी. निदान तसं वाटायला हवं.

तिथेच त्याचा चेंजअप यायचा. चेंजअपमध्ये हात फास्टबॉलइतक्याच जोरात फिरतो, खांदा तसाच उघडतो, चेंडू त्याच जागेवरून सुटतो. फरक असतो पकडीत. चेंडू बोटांच्या टोकांवर न धरता तळहातात खोल बसवायचा, म्हणजे हाताचा जोर पुरता चेंडूत उतरत नाही. बॅटरचे डोळे सांगतात ८१, चेंडू येतो ७३ ने. बॅटरचा पुढचा पाय पडलेला असतो, कंबर फिरलेली असते, आणि चेंडू अजून वाटेत असतो. आता थांबायचं म्हटलं तरी थांबता येत नाही. मग हातांनीच कशीबशी बॅट लागते आणि चेंडू दुसऱ्या बेसवाल्याकडे लोळत जातो, नाहीतर उंच उडून डावीकडच्या फील्डरच्या हातात विसावतो.

पण नुसता चेंजअप असून चालत नाही. त्याच्याआधी फास्टबॉलची भीती बसवावी लागते, आणि ८१ मैलांच्या चेंडूची भीती बसवणार कशी? मोयर तो उजव्या बॅटरच्या अंगावर, अगदी मुठींजवळ आत आणायचा. वेगवान चेंडू आत टाकायला फारसं धाडस लागत नाही. हळू चेंडू आत टाकायचा म्हणजे जरा जागा चुकली की तो भिंतीपलीकडे गेलाच. ते ५२२ होम रन बरेचसे याच व्यवहारातले असणार असं मला वाटतं. तो आत टाकत राहिला म्हणूनच बॅटरला बॅट लवकर सोडावी लागायची, आणि म्हणूनच पुढचा चेंजअप बाहेरच्या कडेला चालायचा. होम प्लेट सतरा इंच रुंद असते. मधले बारा-तेरा इंच मोयरने बॅटरला कधी द्यायचेच नाहीत असं ठरवलेलं होतं. तो दोन्ही कडांवर राहायचा. बाहेरच्या कडेला एक स्ट्राइक मिळाला की पुढचा बोटभर आणखी बाहेर, तोही मिळाला की आणखी बोटभर. तिसऱ्या-चौथ्या इनिंगपर्यंत बॅटर अशा चेंडूंच्या मागे धावू लागायचे जे सकाळी सरावात त्यांनी ढुंकूनही पाहिले नसते.

हे पाहताना मला शिवाजी पार्क आठवायचं. पद्माकर शिवलकरांनी मुंबईसाठी असाच कारभार केला. डावखुरे, संथ, आणि टप्पा असा की फलंदाजाला पुढे यावं की मागे जावं ते कळू नये. प्रथम श्रेणीत ५८९ बळी, १९७२-७३ च्या रणजी अंतिम सामन्यात चेपॉकवर तमिळनाडूचे एका डावात सोळा धावांत आठ, दुसऱ्या डावात अठरा धावांत पाच. बिशनसिंग बेदींच्या काळात जन्मल्यामुळे कसोटी एकही नाही. आणि १९८७-८८ मध्ये, सत्तेचाळिसाव्या वर्षी, ते पुन्हा मुंबईकडून रणजी खेळायला उतरले. मार्च २०२५ मध्ये ते गेले. त्या आठवड्यात मी जुने फोन फिरवून दादरच्या मित्रांशी बोललो, आणि प्रत्येकाने त्यांच्या बोटांबद्दलच सांगितलं. संथ गोलंदाजाच्या बोटांतली अक्कल पन्नाशीपर्यंत शाबूत राहते हे मला दादरलाच कळलं होतं. अमेरिकेत, वेगाने वेडावलेल्या खेळात, तसा माणूस सापडेल असं वाटलं नव्हतं.

मोयरचा जन्म नोव्हेंबर १९६२ चा, पेनसिल्व्हेनियातला. फिलाडेल्फियाच्या उत्तरेला सॉडरटन नावाचं लहानसं गाव आहे, तिथे तो वाढला. त्या भागातल्या प्रत्येक डावखुऱ्या पोराचं दैवत एकच, फिलाडेल्फियाच्या फिलीज संघाचा पिचर स्टीव्ह कार्लटन. १९८० मध्ये फिलीजनी पहिल्यांदा वर्ल्ड सिरीज, म्हणजे मोसमाची अंतिम मालिका, जिंकली. शेवटचा सामना कार्लटनने टाकला, शहरात मिरवणूक निघाली, आणि सतरा वर्षांचा मोयर शाळा बुडवून ती पाहायला गेला. पुढे फिलाडेल्फियाच्याच सेंट जोसेफ्स विद्यापीठात तो शिकला. १९८४ मध्ये शिकागो कब्जनी त्याला ड्राफ्टच्या, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या, सहाव्या फेरीत घेतलं. १६ जून १९८६ ला कब्जच्या रिग्ली फील्ड मैदानावर त्याचा मेजर लीगमधला पहिला सामना झाला. समोरचा संघ फिलीज, आणि समोरचा पिचर एकेचाळीस वर्षांचा स्टीव्ह कार्लटन. कब्जनी ७-५ असा तो सामना घेतला. त्याच महिन्यात फिलीजनी कार्लटनला सोडलं.

सुरुवात अशी म्हटल्यावर पुढे सगळं सुरळीत व्हायला हवं होतं. झालं नाही. १९८८ च्या डिसेंबरमध्ये कब्जनी त्याला टेक्ससला दिलं. तिथे खांद्याने त्रास दिला. टेक्ससने दोन मोसमांत मोकळं केलं. १९९१ मध्ये सेंट लुइसकडून पाच पराभव, विजय शून्य. एकोणतीस वर्षं पूर्ण झाली तेव्हा त्याच्या नावावर ३४ विजय आणि ५४ पराभव होते. १९९२ च्या वसंतातल्या सराव शिबिरात कब्जनी त्याला पुन्हा घेऊन पाहिलं, मग नको म्हणाले, आणि प्रशिक्षक होशील का असं विचारलं. एकोणतिसाव्या वर्षी. याचा अर्थ तुला खेळ समजतो, पण तुझ्याच्याने तो होत नाही. त्याने नकार दिला आणि डेट्रॉइटच्या माइनर लीग, म्हणजे खालच्या स्तरावरच्या, संघाकडून अख्खा मोसम ओहायोमधल्या टोलीडोला बसच्या प्रवासात काढला.

या काळात त्याच्या आयुष्यात हार्वी डॉर्फमन हा माणूस आला. डॉर्फमन मूळचा शिक्षक, पुढे ओकलंडच्या संघाबरोबर खेळाडूंच्या मनावर काम करणारा. मोयर त्याला भेटायला ॲरिझोनाला गेला. त्या भेटीत डॉर्फमनने त्याला कुठलीही नवी पकड शिकवली नाही. विषय एवढाच होता की चेंडू हातातून सुटल्यानंतर काय होईल याची काळजी सुटण्याआधी करायची नाही. होम रन गेला तर तो गेला, पुढचा चेंडू स्वतंत्र. वाचायला हे फार सोपं वाटतं. ज्याचा वेग ८१ आहे आणि ज्याला आत टाकल्याशिवाय पर्याय नाही, त्याच्यासाठी हाच कळीचा मुद्दा होता. मार बसेल या धास्तीने तो कडेचा चेंडू आणखी बोटभर बाहेर न्यायचा, बॉल व्हायचा, मग नाइलाजाने मधे टाकावा लागायचा आणि तोच मार खायचा. हातात कौशल्य आधीपासून होतं. ते धास्तीशिवाय वापरायला तो शिकला.

नंतरच्या काळात मोयर टाकताना पाहिला की याची खूण दिसायची. होम रन खाल्ला की तो माउंडच्या मागे उतरायचा, नवा चेंडू दोन्ही हातांत घेऊन चोळायचा, घाई अजिबात नाही, मग पुन्हा वर चढून कॅचरकडे पाहायचा. चेहरा होम रनच्या आधी होता तसाच. माझ्यासारख्या वरच्या बाकांवरच्या माणसालाही ते पाहून श्वास जरा मोकळा घ्यावासा वाटायचा.

१९९३ मध्ये बाल्टिमोरने संधी दिली, बारा सामने जिंकला. १९९६ मध्ये बॉस्टनकडे गेला, आणि जुलैच्या अखेरीस बॉस्टनने डॅरेन ब्रॅग या खेळाडूच्या बदल्यात त्याला सिएटलला पाठवलं. त्या वर्षी त्याचे दोन्ही संघ मिळून १३ विजय आणि ३ पराभव झाले, पुढच्या वर्षी १७ आणि ५. तेव्हा त्याच संघात रँडी जॉन्सन होता. सहा फूट दहा इंच उंचीचा, डावखुराच, ताशी शंभर मैलांच्या आसपास टाकणारा. एखाद्या संघाला आज जॉन्सनसमोर उभं राहायचं आणि उद्या मोयरसमोर, म्हणजे बॅटरच्या शरीरातलं घड्याळ पार बिघडून जात असणार. जॉन्सनला पाहायला लोक तिकीट काढायचे हे मला समजतं. त्याची गंमत एका चेंडूत कळते. मोयरची कळायला पाच-सहा इनिंग बसावं लागतं.

२००१ चा मोसम सिएटलमध्ये ज्याने पाहिला तो विसरणार नाही. संघाचा तारा केन ग्रिफी गेलेला, जॉन्सन गेलेला, ॲलेक्स रॉड्रिगेझ गेलेला, आणि जपानहून इचिरो आलेला. संघाने ११६ सामने जिंकले, १९०६ च्या शिकागो कब्जची बरोबरी केली. मोयर अडतीस वर्षांचा होता, त्याने २० जिंकले आणि ६ हरले. ऑक्टोबरमध्ये बाद फेरीतल्या क्लीव्हलंडविरुद्धच्या मालिकेत त्याने दोन सामने जिंकून दिले, पाचवा निर्णायक त्यातलाच. नंतर न्यू यॉर्कच्या यांकीजने सिएटलला ४-१ असं बाहेर काढलं. त्या मालिकेत सिएटलला मिळालेला एकमेव विजयही मोयरचा, न्यू यॉर्कमध्ये, १४-३ असा. ११६ विजयांच्या संघाला वर्ल्ड सिरीजपर्यंत पोचता आलं नाही याचं दुःख या गावात अजून निघतं. मला त्यात मोयरचे ते तीन विजय वेगळे काढून ठेवावेसे वाटतात.

२००३ मध्ये तो चाळिशीत पोचला होता आणि तो त्याचा सर्वोत्तम मोसम ठरला. २१ विजय, ७ पराभव, आणि पहिल्यांदाच ऑल-स्टार संघात निवड. त्याच वर्षी त्याला रोबेर्तो क्लेमेंते पुरस्कार मिळाला, जो खेळासोबत समाजासाठी केलेल्या कामाचा असतो. तो आणि त्याची पत्नी कॅरेन यांनी २००० मध्ये एक संस्था काढली होती. आईवडील किंवा भावंडं गमावलेल्या मुलांसाठी ती निवासी शिबिरं भरवते. कॅम्प एरिन हे त्यांचं नाव, यकृताच्या कर्करोगाने सतराव्या वर्षी गेलेल्या एका मुलीच्या आठवणीत ठेवलेलं. अशी शिबिरं आता अमेरिकेत आणि कॅनडात अनेक ठिकाणी होतात. मुलांना दुःखाबद्दल बोलू द्यायचं आणि त्याच दिवशी तळ्यात पोहूही द्यायचं, ही कल्पना मला फार शहाणी वाटते.

ऑगस्ट २००६ मध्ये सिएटलने त्याला फिलाडेल्फियाला दिलं. तेव्हा तो त्रेचाळीसचा होता. इथे आम्हाला वाटलं, गावी निवृत्त व्हायला चालला आहे. पण २००७ मध्ये मोसमाच्या शेवटच्या दिवशी फिलीजना गटविजेतेपद हवं होतं, तो सामना मोयरने जिंकून दिला. २००८ मध्ये गटविजेतेपद पक्कं करणारा सामनाही त्याचाच होता, आणि त्या वर्षी १६ विजय.

मग वर्ल्ड सिरीजचा तिसरा सामना, २५ ऑक्टोबर २००८. पावसामुळे खेळ रात्री दहाच्या पुढे सुरू झाला. मोयर पोटाच्या आजाराने बेजार होता, आदल्या रात्री झोप नव्हती. वय पंचेचाळीस वर्षं, अकरा महिने. टाम्पा बेच्या बॅटरांत विशी-पंचविशीची पोरं. सातव्या इनिंगला कार्ल क्रॉफर्डने, जो लीगमधल्या सर्वात वेगवान धावणाऱ्यांपैकी होता, पहिल्या बेसच्या बाजूला बंट टाकला. मोयर माउंडवरून धावत सुटला, आडवा झेपावला आणि हातमोज्यातूनच चेंडू पहिल्या बेसकडे उडवला. रायन हॉवर्डने तो उघड्या हाताने घेतला. अंपायरने सेफ दिला. टीव्हीवर पुन्हा पाहिलं तेव्हा स्पष्ट दिसत होतं की क्रॉफर्ड बाद होता. तेव्हा रीप्ले पाहून असे निर्णय बदलायची सोय नव्हती. मोयर उठला, कपडे झटकले, माउंडकडे परत गेला. मी सिएटलमध्ये दिवाणखान्यात एकटाच ओरडत होतो.

सामना फिलीजनी मध्यरात्रीनंतर पावणेदोनला ५-४ असा जिंकला. विजय मोयरच्या खाती लागला नाही, कारण तो बाहेर गेल्यावर टाम्पाने बरोबरी साधली होती. चार दिवसांनी फिलीज जगज्जेते झाले, १९८० नंतर पहिल्यांदा. त्या रात्री जल्लोष ओसरत असताना मोयरने मैदानाच्या कर्मचाऱ्यांच्या मदतीने माउंडमधली पांढरी रबरी पट्टी, जिच्यावर पाय टेकवून पिचर टाकतो, ती उकरून काढली आणि खांद्यावर टाकून घेऊन गेला. नंतर मिरवणूक निघाली. अठ्ठावीस वर्षांपूर्वी शाळा बुडवून ज्या संघाची मिरवणूक पाहिली, त्याच संघाच्या गाडीवर तो उभा होता.

इथे थांबला असता तर कुणाचीच तक्रार नव्हती. तो थांबला नाही. ७ मे २०१० ला त्याने अटलांटाविरुद्ध नऊच्या नऊ इनिंग टाकल्या, १०५ चेंडूंत, फक्त दोन हिट दिल्या, एकही वॉक (चार बॉलमुळे बॅटरला फुकट मिळणारा बेस) नाही, एकही धाव नाही. शटआउट, म्हणजे एकही धाव न देता पूर्ण सामना, टाकणारा तो मेजर लीगच्या इतिहासातला सर्वात वयस्कर पिचर ठरला. शिवाय ऐंशीच्या, नव्वदच्या, २००० च्या आणि या नव्या अशा चार दशकांत शटआउट टाकणाराही तो पहिलाच.

दोन-अडीच महिन्यांनी सेंट लुइसमध्ये त्याचं कोपर गेलं. हिवाळ्यात डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये टाकून पाहिलं तर पुन्हा तेच. डिसेंबरमध्ये त्याने टॉमी जॉन शस्त्रक्रिया करून घेतली. हे नाव ज्या पिचरवरून पडलं तो टॉमी जॉनही डावखुराच. १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्या कोपरातला तुटलेला बंध काढून तिथे दुसऱ्या हाताचा स्नायूबंध बसवला होता, आणि तो पुढे शेहेचाळीस वर्षांचा होईपर्यंत खेळला. या शस्त्रक्रियेनंतर पिचरला वर्षभर तरी बाहेर राहावं लागतं. विशीतला पोरगा ते सहन करतो, त्याच्यापुढे कारकीर्द पडलेली असते. अठ्ठेचाळीस वर्षांचा माणूस ते कशासाठी करतो, हे मला विचारलं तर मी म्हणेन, त्याला ते काम आवडत होतं. ते जगात फार थोड्या लोकांना करता येत होतं आणि त्यांतला तो एक होता. मी स्वतः पन्नाशी ओलांडली आहे. माझ्या धंद्यात माझ्यापेक्षा भराभर काम करणारी पोरं आजूबाजूला आहेत, आणि सकाळी कामाला बसताना मला अजून बरं वाटतं. म्हणून मला हे उत्तर अपुरं वाटत नाही.

२०१२ मध्ये कोलोरॅडो रॉकीजनी त्याला घेतलं. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून एक मैल उंचीवर आहे. तिथली हवा विरळ, चेंडू लांब जातो, चांगले पिचर तिथे जायला कचरतात. १७ एप्रिलला सॅन डिएगोविरुद्ध मोयरने सात इनिंग टाकल्या, फक्त दोन धावा दिल्या, त्याही क्षेत्ररक्षणातल्या चुकीमुळे. त्या रात्री त्याचा एकही चेंडू ताशी ७९ मैलांच्या पुढे गेला नाही. रॉकीज ५-३ असे जिंकले. एकोणपन्नास वर्षं आणि १५१ दिवसांचा मोयर मेजर लीगमध्ये सामना जिंकणारा सर्वात वयस्कर पिचर झाला. आधीचा विक्रम जॅक क्विनचा होता, १९३२ मधला, ब्रुकलिनकडून केलेला. क्विन थुंकी लावून चेंडू टाकणाऱ्यांपैकी होता. १९२० मध्ये त्या प्रकारावर बंदी आली, पण आधीपासून तसं टाकणाऱ्या मोजक्या पिचरांना निवृत्त होईपर्यंत सूट मिळाली, त्यांतला तो एक. ऐंशी वर्षं टिकलेला विक्रम मोडला तो पुन्हा वेग नसलेल्यानेच.

महिन्याभराने मोयर ॲरिझोनाविरुद्ध आणखी एक सामना जिंकला आणि त्याच सामन्यात बॅट हातात घेऊन दोन धावाही मिळवून दिल्या. मे संपता संपता रॉकीजनी त्याला सोडलं. तरी तो बाल्टिमोरच्या माइनर लीग संघाकडे गेला, मग टोरोंटोच्या लास वेगसच्या संघाकडे. तिथेही मार बसला. मग तो घरी गेला.

हॉल ऑफ फेमच्या मतदानात त्याला पाच टक्केही मतं मिळाली नाहीत, म्हणून पहिल्याच वर्षी त्याचं नाव यादीतून गेलं. एका मोसमात त्याचा दरारा बसला असं कधी झालं नाही, सर्वोत्तम पिचरला मिळणारा साय यंग पुरस्कार नाही, कारकिर्दीतली धावांची सरासरी ४.२५. मतदारांचं म्हणणं मला समजतं. पण २६९ विजयांतले २३५ तिशीनंतरचे आणि १०५ चाळिशीनंतरचे असलेल्या माणसाला पहिल्याच फेरीत वाटेला लावणं मला पटत नाही. थोडा वेळ द्यायला हवा होता. त्याच्या खेळालाही तो लागायचाच.

आज मेजर लीगमध्ये फास्टबॉलची सरासरी ताशी ९४ मैलांच्या आसपास आहे. टॉमी जॉन शस्त्रक्रियांचं प्रमाणही बरंच वाढलं आहे. ८१ मैलांनी टाकणाऱ्या पोराकडे आज कुठला स्काउट दुसऱ्यांदा पाहील असं मला वाटत नाही. संथ पिचर आता उरतात ते उतारवयातले. जुलै २०२५ मध्ये पंचेचाळीस वर्षांचा डावखुरा रिच हिल कॅन्सस सिटीकडून उतरला. तो त्याचा चौदावा संघ. सामना रिग्ली फील्डवर होता, जिथून तो आणि मोयर दोघांनीही कब्जचे नवखे पिचर म्हणून सुरुवात केली होती. हिलने पाच इनिंग नीट टाकल्या, तरी हरला. पुढचा सामनाही हरला आणि संघाने त्याला मोकळं केलं. त्या वयाला पोचल्यानंतर मोयरने एकोणचाळीस सामने जिंकले होते.